लाल दोरा

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी कामतघरचा गाळा उघडला. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. दुरुस्तीला आलेल्या वस्तू तशाच आहेत. मिक्सर, इस्त्र्या, टेबल फॅन. प्रत्येकीला ह्यांच्या अक्षरातली नाव-नंबराची चिठ्ठी, पॉवरलूमच्या दोऱ्याने बांधलेली. दोरा कुठे पांढरा, कुठे लाल. कधी विचारलं नव्हतं. लाल म्हणजे काम झालेलं असणार.
गाळेमालक तात्या डोकावून गेले. "घाई न्हाय वहिनी. पन महिनाअखेर खाली करा. भंगारवाला मी धाडतो."
भंगारात काही द्यायचं नाही. ज्याचं त्याला पोचवायचं.

५ फेब्रु.
लाल दोऱ्यावाल्यांना फोन. तुमची वस्तू तयार आहे, घेऊन जा. बहुतेक विसरलेले. एक बाई म्हणाल्या, "अहो, नवा घेऊन वर्ष झालं. तुम्हीच वापरा."
इस्माईलभाई तेवढे आले, लूमवरची ड्युटी संपवून. फॅन दोन्ही हातांनी धरून नेला. "मास्टर बोले थे, टाइम लगेगा." बरं वाटलं. एक तरी.

६ फेब्रु.
इस्माईलभाई फॅन घेऊन परत. "भाभी, ये तो हिलता भी नहीं." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "रखो इधर ही. कोई बनानेवाला मिला तो."
मग एकेक वस्तू प्लगला लावून पाहिली. पांढऱ्या दोऱ्याच्या सगळ्या चालल्या. लाल एकही नाही. लाल चिठ्ठ्यांच्या मागे बारीक अक्षरात: पार्ट येणं बंद. बॉडी सील, उघडत नाही.
म्हणजे लाल ते न होणारे. आणि हे लोकांना सांगत राहिले, पुढच्या आठवड्यात या. मी तर तयार आहे म्हणून सांगून बसले. पुन्हा सगळ्यांना फोन करायचे. कोणत्या तोंडाने

८ फेब्रु., रवि.
स्नेहल आली. काल्हेरच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे, ऑनलाइन गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तिच्याकडे असतो. "आई, खोक्याला पोचा असला तरी आत काय आहे ते कुणी बघत नाही, सरळ भंगारात. तू कुठे एकेक तपासत बसतेस." नवा मिक्सर घेऊन आली होती. "बाबांनी आपला गाळ्यावर नेला तो परत आलाच नाही ना?"
पार्ट येतोय म्हणायचे, एवढंच सांगितलं.

१० फेब्रु.
पांढऱ्या दोऱ्याच्या पाच वस्तू गेल्या. लालसाठी कल्याणला कुणी आहे म्हणतात, विचारायला हवं. तात्यांचा भंगारवाला येऊन गेला, उद्या या म्हटलं. ह्यांच्यासारखंच.
वरच्या फळीवर पेपरात गुंडाळलेला आमचा मिक्सर सापडला. लाल दोरा. चिठ्ठीवर नाव नाही. मागे नुसत्या तारखा, एकाखाली एक, पुन्हा पुन्हा करून पाहिल्याच्या. शेवटची २० डिसें. हे २४ ला गेले.
दोरा सोडला नाही. मिक्सर घरी आणला, स्नेहलच्या न उघडलेल्या खोक्याशेजारी ठेवला. कॉटखालून पाटा ओढून काढला, धुतला. एकटीपुरती चटणी वाटली.