मागच्या खोलीचा शेरा

४ जुलै

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ. (मोजून घे, कमी भरले तर कळव.)

मोजणीला आलीस त्याला महिना होऊन गेला. वाचनालयाच्या दारात उभं राहून तू मला मामा न म्हणता 'ग्रंथपाल' म्हणालीस, चहाला नाही म्हणालीस, आणि टेपचं टोक हातात देऊन शून्य भिंतीला घट्ट धरायला सांगितलंस. मी धरलं. तुझी मामी अजून हसते आहे.

आता कामाचं. काल सरकारी नोटीस आली. तीस वर्षांपूर्वी वाचनालयासाठी भाडेपट्ट्यानं दिलेली जागा शर्तभंगामुळे परत का घेऊ नये, याचा खुलासा मागितला आहे. सुनावणी बावीस तारखेला. कसला शर्तभंग, ते आमच्या चिटणिसांना उमगत नाही, मला तर त्याहून नाही. इथे पुस्तकं आणि म्हातारे वाचक यांच्याशिवाय आहे काय? तू त्याच खात्यातली. मला समजेल अशा भाषेत लिही. मामीला काळजीनं जेवण जात नाही. मला जातं, पण चव लागत नाही.

पत्राची वाट बघणारा,
तुझा मामा


८ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नोटिशीचा आधार भाडेपट्ट्यातली सातवी अट आहे. जागेचा कोणताही भाग वाचनालयाखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. नकाशात मागची खोली, ३.१० बाय २.४० मीटर, निवासी वापराची दाखवली गेली आहे. कोपऱ्यात मोरी आहे, हेही. बाकी इमारतीत आक्षेप घेण्याजोगं काही नाही.

खुलाशात लिहावं की ती खोली जुनी वर्तमानपत्रं ठेवण्यासाठी आहे. आज तसंच आहे. नकाशाची प्रत मागवण्याची गरज नाही, त्यातलं महत्त्वाचं वर दिलं आहे.

मामींना सांगा, काळजी करून काही बदलत नाही. वाक्य कोरडं आहे, पण मला दुसरं सुचलं नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.
आपली भाची


१३ जुलै

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

गरज नाही म्हणालीस, म्हणून प्रत मागवली. खाली तुझी सही आणि शेऱ्याच्या रकान्यात तुझंच ठसठशीत अक्षर. खोली 'दाखवली गेली आहे' असं लिहिलंस, कोणी दाखवली ते लिहायचं राहिलं का ग?

रागावलेलो नाही. त्या खोलीत जाऊन बसलो. तुझी आई आजारी, आमच्या घरात सात माणसांचा कलकलाट, म्हणून तुला नववीत असताना तिथे आणलं. मोरीही मीच गवंड्याकडून बांधून घेतली, कमिटीला न विचारता. म्हणजे मूळ गुन्हेगार मी. तू फक्त लांबी-रुंदी घेतलीस.

आता ऐक. सुनावणीत कोण राहत होतं म्हणून विचारलं, तर मी जुन्या वॉचमनचं नाव सांगणार आहे. तो बिचारा गेला. गेलेल्या माणसाची नोकरी जात नाही, तुझी जाईल. शनिवारी गवंडी येऊन मोरी फोडून जाईल. तू सुनावणीच्या आसपासही फिरकू नकोस, आणि हे पत्र फाडून टाक.

जेवत जा. आवाज बारीक झाला आहे, असं आईनं फोनवर सांगितलं.

तुझा मामा


१६ जुलै

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार. आज तो संक्षेपात लिहवत नाही.

पत्र फाडलेलं नाही. आठ तारखेचं माझं पत्र भित्रं होतं. कोणी दाखवली, ते आता लिहिते. मी दाखवली.

नातेवाइकांचा संबंध असलेली मोजणी वाट्याला आली, तर वरिष्ठांना सांगून ती सोडायची असा आमचा नियम आहे. मी सांगितलं नाही. माझ्याइतकं नीट कोणी मोजणार नाही, तेव्हा जागा माझ्याच हातात सुरक्षित, असं धरून चालले. त्या दिवशी डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, हाही नियमच. मला वर्तमानपत्रांचे गठ्ठे दिसत होते. रकान्यात 'साठवण' लिहायला पेन टेकवलं आणि लिहवेना. पाच वर्षं मी त्या खोलीत राहिले, डिप्लोमा तिथे बसून केला, आणि हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मी 'निवासी वापर' लिहिलं. 'पूर्वी' हा शब्द लिहायचा राहिला. तुम्ही तेव्हा टेपचं टोक धरून उभे होतात आणि टेप ओली होऊ नये म्हणून मोरी रुमालानं पुसत होतात.

काल साहेबांना लेखी दिलं. तिथे राहणारी मीच, राहणं सात वर्षांपूर्वी संपलं, ग्रंथपाल माझे मामा, म्हणून माझी मोजणी रद्द धरावी. त्यांनी चष्मा काढला आणि असं स्वतःहून कोणी लिहून देतं का, म्हणून विचारलं. सोमवारपासून मी मोजणीवर नाही, चौकशी होईल. सुनावणी पुढे गेली आहे. तीस तारखेला दुसरा भूमापक येईल. जागा वाचेलच असं मी म्हणू शकत नाही.

गवंड्याला परत पाठवा. मोरी आहे तशी राहू द्या, विचारलं तर माझं नाव सांगा. वॉचमनची मुलगी अजून रोज तिथे वर्तमानपत्र वाचायला येते. तिच्या वडिलांच्या नावावर माझी पाच वर्षं टाकू नका.

तीस तारखेला रजा काढून येते. मोजणारा नात्यातला चालत नाही, टोक धरणारा चालतो. या वेळी शून्य मी धरीन. रागवायचं असेल तर आल्यावर समोर रागवा, आणि चहा टाका.

तुमची,
मागच्या खोलीतली फूटपट्टी