मार्चमध्ये कोरडा दिसलेला पाट

प्रति,
मुख्य नगररचनाकार,
नगर प्रशासन, तेराकझोर,
फरगाना खोरे.

विषय : कुपरिकबोशी वस्तीतील पाट ८ एप्रिल रोजी बुजवण्याचे काम थांबवणे आणि माझी सही रद्द करणे याबाबत.

संदर्भ : माझा २५ मार्चचा अर्ज आणि त्यावरील आपला शेरा, "सही आपलीच असल्याने तक्रार उरत नाही."

महोदय,

मी सालोमात एर्गाशोवा, वय ७८, वरील वस्तीत अठ्ठावन्न वर्षे राहते. सही माझीच आहे, हे मी नाकारत नाही. ती कशी झाली, ते मागच्या अर्जात नीट सांगता आले नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

१. दर मार्चमध्ये आमच्याकडे हशार असतो. घरटी एक माणूस फावडे घेऊन येतो आणि सगळे मिळून पाट उपसतात. त्याआधी दोन दिवस आम्हीच वरची फळी टाकून पाणी बंद करतो. यंदा १७ मार्चला हे काम चालू असताना आपले मोजणीदार आले. पाहुणा म्हणून त्यांना पुलाव वाढला, चहा दिला. जेवण झाल्यावर त्यांनी एक कागद फिरवला. हशारला कोण आले याची यादी आमच्यात दरवर्षी होते आणि पहिली सही वस्तीतल्या सर्वांत वयस्कर माणसाची असते. मी चष्मा न लावता सही केली. माझे नाव वर दिसल्यावर बाकी साठ जणांनी कागद वाचलाच नाही. त्यावर "निरुपयोगी कोरडा खड्डा बुजवण्यास रहिवाशांची संमती" असे लिहिले होते, हे आम्हाला आठवड्याने कळले. मोजणीदार खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

२. हा पाट निरुपयोगी नाही. दरवर्षी १० एप्रिलला धरणाकडचा मोठा दरवाजा उघडतो आणि पाणी थेट आमच्या गल्लीत येते. आपण ८ तारखेला पाट बुजवला, तर दोन दिवसांनी ते पाणी कुठे जाईल? खालच्या अंगाला एकोणीस घरांच्या भिंती कच्च्या मातीच्या आहेत. त्यांत माणसे झोपलेली असतील. पाणी खात्याकडे चौकशी केली, तर पाट बुजणार असल्याचे त्यांना कोणी कळवलेलेच नाही.

३. ज्या फ्लॅटच्या नवीन इमारतीसाठी पाट बुजवायचा आहे, तिला माझा विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. मी लग्न होऊन आले तेव्हा या गल्लीत अकरा घरे होती आणि प्रत्येक अंगणात जर्दाळू होते. आता चौसष्ट घरे आहेत. प्रत्येक मुलाच्या लग्नाला आम्हीच एकेक झाड तोडून एकेक खोली वाढवली. माझ्याही अंगणातली तीन झाडे मीच तोडून घेतली. त्यांच्या फुलांचा वास मला अजून आठवतो, पण त्या वासावर कोणाचा संसार चालत नाही. माझा नातू इल्योस बायको आणि तीन मुलांसह एका खोलीत राहतो. नव्या इमारतीत त्याचे नाव लागले आहे.

४. एक्केचाळीस जणांनी आपल्या सह्या मागे घेतल्या आहेत. वीस जणांनी घेतलेल्या नाहीत, त्यांत इल्योस आहे. तो म्हणाला, "बुवी, तुम्ही पाटाची काळजी करा. माझी पोरं काय त्या पाटात झोपवू?" मी म्हटले, "आणि खालच्या हाशिमची पोरं बुडाली तर?" त्यावर तो म्हणाला, "मग साहेबांना सांगा दुसरी जागा शोधायला. या गल्लीत जागा उरलीय कुठं? सगळी आपणच खाल्ली की." तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही, म्हणून मलाही उत्तर सुचले नाही.

५. चार दिवस विचार केल्यावर उत्तर सुचले, ते आपल्याला कळवते. आपल्या नकाशावर इमारतीची मोटारी लावण्याची जागा पाटावर येते. इमारत उत्तरेला आठ मीटर सरकवली, तर पाटाला हात लावावा लागत नाही आणि एकही फ्लॅट कमी होत नाही. उत्तरेच्या त्या आठ मीटरांत फक्त एकच घर आहे. ते माझे आहे.

तरी विनंती की, ८ तारखेचे काम थांबवावे, नकाशा उत्तरेला सरकवावा आणि माझे घर व अंगण ताब्यात घ्यावे. मी महिनाभरात जागा रिकामी करीन. मला वेगळा फ्लॅट नको. इल्योसच्या घरात एक गादी मावली तरी पुरे, मात्र ते त्याने ठरवायचे आहे. हा अर्ज मी त्याला अजून दाखवलेला नाही. आपले उत्तर ७ तारखेच्या आत आले, तर मी स्वतः त्याला सांगेन.

सर्वांच्या आधी सही करून चुकलेली,
सालोमात एर्गाशोवा
कुपरिकबोशी, ३ एप्रिल २०२४

सोबत :
१. संमतीपत्राची नक्कल
२. एक्केचाळीस रहिवाशांचे सह्या मागे घेतल्याचे पत्र
३. माझ्या घराचा मालकी दाखला, मूळ प्रत (पोच द्यावी, दाखला परत पाठवू नये)