वरच्या ओठाचा पडदा

सिस्टर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि गेला महिनाभर मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते आहे. घरी जाऊन काही सुचत नाही, म्हणून ड्युटी संपल्यावर इथेच, बाळांना पाजायच्या खोलीत लिहायला बसले. हो, आता त्यासाठी वेगळी खोली असते. येणाऱ्या आयांना पाजायला शिकवणं एवढंच माझं काम.

तुमच्या वॉर्डातला माझा पहिला महिना आठवतो. एक बाळ रडत होतं आणि मी पावडरचं दूध आणायला धावले. तुम्ही सगळ्या बाळंतिणींसमोर माझं मनगट धरलंत. "बाळ रडलं की बाटलीकडे पळणारी नर्स मला नको. आधी बस. बाळ तोंड लावतं तिथपासून सोडतं तिथपर्यंत बघ. मग बोल." मी स्टोअरमध्ये जाऊन रडले. दुपारी तुम्हीच मला क्वार्टरवर जेवायला नेलंत. तुम्ही भाकरी थापताय, मी पाटावर तोंड फुगवून बसलेय, आणि मध्येच पिठाच्या बोटानं स्वतःचा वरचा ओठ उलटून तुम्ही मला दाखवताय. "हा ओठाखालचा पडदा दिसतो? मलाही आहे, तुलाही असेल. माझ्या आईनं मला अडीच वर्षं पाजलं. पडदा दिसला म्हणून तो गुन्हेगार होत नाही." ओठाला पीठ लागलेलं, आणि मी रडता रडता हसले.

ते वाक्य मी वीस वर्षं वापरतेय. हल्ली तर रोजच लागतं. शहरातल्या गंगापूर रोडचे तरुण आईबाप मोबाइलवर बाळाच्या ओठाखालच्या पडद्याचा फोटो घेऊन येतात. "मॅडम, लिप टाय आहे ना? कापायचं ना?" मी बाळाला नीट धरायला शिकवते, आईची बसायची पद्धत बदलते, आणि बहुतेक बाळं न कापताच पोटभर पितात. याचा मला गर्व होता. तिथेच घात झाला.

सायखेडा गावची एक मुलगी इथे बाळंत झाली, पहिलटकरीण. तिसऱ्या दिवशी घरी निघाली तेव्हा सासू पिशवी घेऊन दारात उभी होती. मी बाळाचा ओठ उचलला. जाड पडदा, थेट हिरडीच्या कडेपर्यंत आलेला. "असतो सगळ्यांना," म्हणाले. बाळ छातीशी लावलं, चार-पाच वेळा गाल हललेले पाहिले आणि घरी सोडायच्या कार्डावर सही केली. तुमचं अर्धंच सांगणं पाळलं, सिस्टर. बसून बघायचं राहिलं.

चार आठवड्यांनी ती परत आली तेव्हा बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षाही कमी होतं. सासू माझ्याशीच बोलत होती, सुनेकडे न बघता. "हिला दूधच नाय हो. अळीव झालं, डिंक झाला, लय केलं. आमच्यात कुणाला असं झालं नाय." मुलगी मान वर करत नव्हती. तिच्या स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत होतं.

मग मी बसले. पाऊण तास. बाळाचा वरचा ओठ आत दुमडलेलाच राहत होता. दर दोन-तीन चोखण्यांनंतर पकड सुटायची, टक् असा आवाज यायचा, दूध ओठाच्या कडेनं मानेवर ओघळायचं, आणि ते दमून उपाशीच झोपायचं. मी हातानं दूध काढून वाटी सासूपुढे धरली. "मावशी, दूध आहे. बाळाला ओढता येत नाहीये." सासूनं वाटी हातात घेऊन तिरपी करून पाहिली.

दोन दिवस सगळं करून पाहिलं. धरायची पद्धत बदलली, बोटानं ओठ सोडवून दिला, काढलेलं दूध बोंडल्यानं पाजलं. बोंडल्यानं पोट भरायचं, छातीशी पुन्हा तेच. ओठ उचलला की पडद्याच्या ताणानं हिरडी पांढरी पडायची. डॉक्टरांनी जीभ दोनदा तपासली, कारण बरेचदा दोष तिथे असतो. जीभ मोकळी होती. "नुसत्या ओठाच्या पडद्यासाठी मी कात्री घेत नाही, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "माहीत आहे सर. पण या वेळी मी पाजणं पूर्ण पाहिलंय." ते म्हणताना माझेच कान तापले. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं, संमती घेतली. मी बाळाचं डोकं धरलं. क्षणभराचं काम, दोन थेंब रक्त, आणि लगेच बाळ आईकडे.

ते लगेच घटाघटा प्यायलं असं लिहायला मला आवडलं असतं. प्यायलं नाही. दोन दिवस रडलं, जुन्याच सवयीनं ओठ आत घेत राहिलं. पाचव्या दिवशी ओठ बाहेर वळला आणि गिळण्याचा आवाज आला, एकामागून एक. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखत नाय ओ आता." वजन वाढू लागलं. डॉक्टर अजूनही म्हणतात, कापण्यानं किती झालं आणि रोज समोर बसून पाजण्यानं किती, हे सांगता येणार नाही. मला तेच सोडत नाही. तिसऱ्या दिवशी मी बसले असते, तर कदाचित कात्री लागलीच नसती. किंवा लागली असती, पण त्या मुलीचे चार आठवडे तरी वाचले असते.

आज सासू-सून बाळाच्या लसीसाठी आल्या होत्या. बाळाच्या मांडीला वळी पडायला लागलीय. बाकावर शेजारी बसलेल्या बाईला सासू आपणहून सांगत होती, "दूध लय होतं हो हिला. पोराचा ओठच चिकटेल होता." मुलगी हसली आणि वाकून माझ्या पाया पडली. तिसऱ्या दिवशी मी नीट पाहिलंच नाही, हे तेव्हा बोलायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. मी तिला उठवलं आणि म्हणाले, "हो ना, त्या ओठानं फार छळलं."

आईवरचा दोष काढला, सिस्टर. आणि तो सगळाच्या सगळा त्या लेकराच्या एवढ्याशा ओठावर ठेवून मी मोकळी झाले.