चौदाव्या पानापासून वाच

रविवार, १४ सप्टेंबर २०२५
ता. महागाव, जि. यवतमाळ

चि. बळीराम,

तुह्या मायचा जय भीम. सूनबाईलेही सांगजो.

मी बरी आहे. गुडघा दुखते, पण तो दुखला नाही तर मलेच भेव वाटन. सूनबाईनं धाडलेल्या शेवया अजून पुरून राह्यल्या. मांजरीनं चार पिल्लं दिली. त्यातलं एक शेजारच्या तानाबाईनं हौसेनं नेलं, अन् आता म्हणते दूध लय पेते, वापस घ्या. असं चालू आहे.

तू म्हणशीन, मायनं पत्र काहून लिहिलं, फोन नाही का घरात. फोन आहे. आठ दिवसात अकरा वेळा लावला. तू उचलत नाही. पत्र पोस्टमन हातात देते, ते कट करता येत नाही. मी चौथीत गेली अन् तिथूनच घरी बसली, अक्षर वाकडं येईन. पण तू मास्तर आहे, वाकडं अक्षर वाचायची तुले सवय.

राग आला आहे मले. आधीच सांगून ठेवते, मंग म्हणू नको की माय गोड बोलता बोलता घसरली. मी गोड बोलायले बसलीच नाही.

मागच्या रविवारी पौर्णिमा होती. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. तू यवतमाळहून आला म्हणून लोकायनं मानानं पुढं बसवलं, म्हणे आज मास्तर वाचतीन. मी पहिल्या रांगेत. नवं लुगडं नेसली होती. माहा पोरगा वाचते म्हणून तानाबाईले कोपर मारून दाखवलं. अन् तू ग्रंथ बाजूले ठेवला आणि पिशवीतून तुह्या पोरीची, पायलची वही काढली.

माह्या घरच्या पेटीतून, मले न विचारता काढलेली वही.

पहिलं पान वाचलं. वर बिस्मिल्ला लिहिलं होतं ते सगळ्यायले फिरवून दाखवलं. खाली नियत, गुसल असे शब्द होते, ते एकेक करून वाचले, जसा ठाणेदार चोरीचा माल मांडून दाखवते. मंग वही मिटली अन् म्हणाला, "माही पोरगी बाटली. आजपासून ती मले मेली."

साठ-सत्तर माणूस होतं. पायल दवाखान्यातल्या ड्युटीवरून येऊन दारात चपला काढून राह्यली होती. तिनं चपला परत पायात घातल्या.

बळीराम, वीस वर्षं झाले तू लेकरायले शिकवून राह्यला. पहिलं पान वाचून वही मिटणाऱ्या पोराले तू किती मार्क देतो रे? फळ्यावर जे होतं ते तिनं उतरवलं. तूही फळ्यावरचंच उतरवून घेतो ना?

हे कुठून निघालं तेही मले ठाऊक आहे. ऑगस्टच्या पुरात पायलचा फोटो पेपरात आला, अंगात त्या बोरी अरबच्या मुसलमान ट्रस्टचं हिरवं जाकीट. अन् तुह्या शाळेतला तो कमलाकर मास्तर म्हणे, "काय सर, पोरगी पठाणीण केली वाटते?" सूनबाईनंच सांगितलं. त्याले तू काही बोलला नाही. त्याच्यासंग चहाच पेला असशीन. तो सगळा राग एसटीत बसवून इथं आणला अन् माह्या पोरीच्या डोक्यावर ओतला. कमलाकरचं तोंड बंद करायची हिंमत नव्हती, म्हणून पायलचं केलं.

आता ऐक, ट्रस्टच्या ज्या शिबिरातली ती वही, त्या बोरी अरबच्या शिबिरात काय शिकवते ते. तू विचारलं नाही, मी विचारलं. एप्रिलात ती गेली तव्हा मलेही धाकधूक होती, खोटं कायले बोलू. नर्सायचं शिबिर. पूर आला, आग लागली, गाडी उलटली, तर माणसाले कसं सांभाळावं. त्यायच्या दीनात, म्हणजे धर्मात, जे सांगितलं त्याच्या आधारानं शिकवते, लपवून काही नाही. शिकवणारी शाहेदा बाजी, बाजी म्हणजे ताई, सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून रिटायर झालेली. माह्यापेक्षा पाच-सहा वर्षानं लहान असन, आवाज मात्र बंडीच्या कोरड्या चाकासारखा. अठरा पोरी. मुसलमान जास्त, दोन बंजारा, एक कोलाम, अन् आपली पायल. पहिल्याच दिवशी बाजी म्हणे, "कलमा शिकवायले बोलावलं नाही कोणाले. हात शिकवायले बोलावलं."

नियत म्हणजे काय, मास्तर? तुले वाचता आलं, समजलं नाही. माणसाले हात लावायच्या आधी मनात म्हणायचं, मी याले कायले हात लावून राह्यली. आपापल्या बोलीत. बस, एवढंच. बेशुद्ध माणसालेही सांगायचं, बाबा, आता मी तुहा पाय उचलते. जेवढी जखम तेवढंच अंग उघडायचं, बाकी झाकायचं. श्वास अडकला असन तर पडदा-बिडदा काही नाही, आधी जीव. अन् गुसल म्हणजे मेलेल्याची आंघोळ. पाणी कोमट, हात नरम, जसं काही त्याले अजून दुखते.

ती आंघोळ शिकायले तिनं मलेच मुडदा बनवलं. हसू नको. चटईवर झोपवलं, अंगावर चादर टाकली अन् चादरीच्या खालून ओल्या कपड्यानं माहे हात पुसून राह्यली. "आजी, आता मी तुहा उजवा हात घेते." मी म्हणलं, घे बाई, तसाही तो काही कामाचा नाही. "आजी, मुडदे बोलत नाहीत." तेवढ्यात तानाबाई वाटीभर साखर मागायले आली. मले चादरीत पाहून तिनं जी बोंब मारली, चौकातले लोक धावत आले. मी उठून बसली तर ते अजून भेले. तानाबाई म्हणे, "पंचफुला, मरायचं तर सांगून मर, माहं काळीज बंद पडलं असतं." मी इतकी हसली की पायलले पुसता येईना. पण खरं सांगू? त्या पंधरा मिनिटात माह्या अंगाले जेवढ्या मायेचा हात लागला, तेवढा तुहे बाबा गेल्यापासून कोणाचा लागला नाही. एवढी गुणाची पोर. मले तर वाटते गावभर वाजवत फिरावं, पाहा पाहा, ही माही नात.

पुराचंही ऐक. पेपरात फोटोच आला, गोष्ट आली नाही. तांड्यावरच्या सोनीबाईनं सांगितलं, ती स्वतः भेटायले आलती, लंगडत. तांड्यात पाणी घुसलं तव्हा टिनाच्या पत्र्यानं तिची मांडी फाटली. शाळेत आणून टाकलं. चारी बाजूनं माणसं, अन् चार-पाच जण मोबाईल घेऊन शूटिंग करून राह्यले. बाई रक्तात पडली, पण घागरा सोडत नाही. कापू देत नाही. कंपाउंडर तिच्यावर डाफरून राह्यला. पायल आली. त्या मोबाईलवाल्यायले हाकललं नाही. म्हणे, "ओ दादा, मोबाईल खिशात. हे कंबल धरा चौघं. तोंड तिकडं." त्यायचाच पडदा केला! एक जण थोड्या वेळानं म्हणे, मॅडम, हात दुखून राह्यले. तर आतून आवाज, "मांडी तिची फाटली, अन् दुखते तुमचे हात?" मंग तिनं सोनीबाईले विचारलं, काकू, एवढंच कापू का? एवढंच. सोनीबाई मले म्हणे, "याडी, माय वं, पन्नास वर्षात मले विचारून कोणी हात लावला नोता."

ही पोरगी बाटली का रे? बाटली असन तर अशीच सगळी बाटो.

आता तुले ते सांगायचं आहे ज्याच्यासाठी पत्र लिहायले घेतलं. पण डोळ्यापुढं अंधारून येते. उद्या लिहीन.

मंगळवार

काल लिहिणार होती, लिहिलं नाही. भांडी घासली, पिल्लू वापस आणलं, दोनदा घर झाडलं. आता लिहिते.

शिबिरात बाजीनं पोरीयले घरून लिहून आणायले सांगितलं. आपल्या लोकायत मेलेल्या माणसाचं काय करते ते. काहून की पुरात बेवारस कोणी सापडलं तर आपली रीत त्याच्यावर लादायची नाही, तो कोणाचा आहे ते शोधायचं अन् त्याची रीत करायची. पायल रविवारी घरी आली अन् माह्यापुढं वही घेऊन बसली. मी सांगितलं, आंघोळ, पांढरं कापड, मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील. तिनं लिहून घेतलं. मंग सहज म्हणे, "आजी, आपल्या घरात कोणाचं सगळं नीट झालं, अन् कोणाचं राहून गेलं?"

एकोणचाळीस वर्षात मले हे कोणी विचारलं नोतं. मी सांगून टाकलं. चौदाव्या पानापासून तेच आहे.

तुही बहीण दीपा. तू तिसरीत होता, ती बारा वर्षाची. नदीच्या पलीकडून बकरी आणायले गेली अन् पाणी आलं. तुले दुसऱ्याच दिवशी केळापूरले मामाकडं धाडलं. वापस आल्यावर तू विचारलं, ताई कशी दिसत होती? मी म्हणलं, झोपल्यासारखी. तू शाळेच्या निबंधातही तसंच लिहिलं होतं, झोपल्यासारखी. मी खोटं बोलली.

तिसऱ्या दिवशी सापडली, बाभळीत अडकलेली. पायाले दोर बांधून ओढून आणली. अंगावर एक धागा नोता, पाण्यानं सगळं नेलं. चावडीपुढं टाकली. मी लुगड्याचा पदर फाडून धावली तर चार माणसायनं मले धरलं. पंचनामा व्हायचा आहे, हात लावू नका. जमादार यायले चार वाजले. सकाळपासून चार वाजेपर्यंत, बळीराम. पोट्टे भिंतीवर चढून पाहून राह्यले होते. तुह्या बाबानं डोक्याचा दुपट्टा टाकला, तोही एकानं काठीनं उचलून बाजूले केला. कोणी तिले आंघोळ घातली नाही. भंतेजी पुरामुळं येऊ शकले नाही, त्रिशरण म्हणलं नाही. तशीच मातीत ठेवली. ज्यायनं मले धरलं, त्यातले दोघं अजून जिवंत आहे. त्या रविवारी विहारात तू वही फडकवली तव्हा ते तिसऱ्या रांगेत बसून माना हलवून राह्यले होते, बरोबर आहे मास्तर, बरोबर आहे. मी आंधळी नाही. मी पाह्यलं.

पायल लिहिता लिहिता थांबली नाही. रडून राह्यली अन् लिहून राह्यली. शिबिरात तिनं ते वाचून दाखवलं. बाजी खुर्चीवरून उठली, अठराही पोरी उठल्या. बाजी पायलले म्हणे, "तुह्या आत्याचं जे राह्यलं ते तू म्हण, तुमच्या रीतीनं. आम्ही उभ्या राहू." माह्या नातीनं त्या मशिदीजवळच्या खोलीत त्रिशरण पंचशील म्हणलं. बुरख्यातल्या पोरी हात बांधून उभ्या होत्या. माह्या दीपासाठी. जे आपल्या गावानं दिलं नाही ते तिले तिथं भेटलं.

अन् तू ती वही घेऊन उभा राह्यला. तुही बहीण तुह्या हातात होती, बोटभर अंतरावर, अन् तू म्हणाला ती मले मेली.

म्हणून मी फोन लावत होती. म्हणून राग आहे. तुह्यावर आहेच, माह्यावरही आहे. तुले खरं सांगितलं असतं तर तू त्या दिवशी पहिल्याच पानावर थांबला नसता. हे माहं चुकलं. ते मी मान्य करते. तुहं तू कर.

आता काम. येत्या सोमवारी, बावीस तारखेले, बोरी अरबले दुसरं शिबिर आहे. बाजीनं पायलले शिकवायले बोलावलं, शिकायले नाही. नव्या पोरीयले पुरातल्या बायायचं अन् मेलेल्यायचं तीच शिकवणार. पण ती जात नाही म्हणते. "बाबा हो म्हणाले तर जाईन." वहीही तुह्याजवळ. ड्युटी करून येते, भिंतीकडं तोंड करून बसते, दोन घास खाते. तिच्यावरही मी चिडली, म्हणलं बापाच्या हो साठी थांबशीन तर वीस नव्या पोरी न शिकता घरी जातीन अन् पुढच्या पुरात कोणाची तरी दीपा चावडीपुढं पडून राहीन. तर म्हणते, "आजी, ते माहे बाबा आहेत." तिच्याजवळ तुह्यासाठी एवढं आहे. तुह्याजवळ तिच्यासाठी काय आहे?

पत्र भेटल्यावर दार लावून बस अन् वही चौदाव्या पानापासून वाच. मंग शनिवारच्या एसटीनं ये. रविवारी संध्याकाळी वाचनाले लोक जमतीन. जिथं वही मिटली तिथंच उघडशीन, अन् ज्यायले पहिलं पान ऐकवलं त्यायलेच बाकीचं ऐकवशीन. पायलची माफी तिथंच, सगळ्यायपुढं. घरात कानात सांगितलेली मले चालणार नाही.

तू आला नाही तर त्या जागेवर मी बसीन. वही नसली तरी मले एकेक ओळ पाठ आहे. अडखळीन, पण कोणी कोणाले धरलं ते नावानिशी सांगीन, अन् मास्तर काहून आला नाही तेही सांगीन. मंग सोमवारी पहाटे पायलले मी स्वतः बोरी अरबले घेऊन जाईन, गुडघ्यासकट. तिचा बाप हो म्हणत नाही तर तिची आजी म्हणते.

सूनबाईले घेऊन येजो. तिलेही काही माहीत नाही.

दीपाची,
आणि तुही,
माय

पंचफुला