दिपोटींसमोर संकासूर

१२ जानेवारी १९३५
दिपोटींचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांचा, निरोप. पुढच्या महिन्यात तपासणी. यंदा म्हणे नुसते पाढे-कविता नकोत — गावातली कला शाळेत आणा, शिकवायला गावकऱ्यांनाच बोलवा. पूर्णगडात कोणती कला? मुलांना विचारलं, तर सगळी एकदम ओरडली — गुरुजी, आमचे खेळे!

१९ जानेवारी
गंगाराम आला. मासेमारी करतो, शिमग्यात सोंगं घेऊन दारोदार नाचणाऱ्या गावच्या खेळ्यांत संकासूर होतो. आधी त्याचा बाप व्हायचा. दर शनिवारी मुलांना गाणी आणि ठेका शिकवायला कबूल झाला. आज मृदंगावर थाप पडली आणि केरू नि शिवा, जे पटावर नावापुरते आहेत, होडीवरून तडक येऊन बसले. मीही नाचलो! पाय चुकले, पोरं खो खो हसली. इतकी वर्षं मास्तरकी करतोय, असा शनिवार पाहिला नव्हता.

२ फेब्रुवारी
माझं डोकं फिरलं. गंगारामला म्हटलं, तपासणीला संकासूर होऊनच ये. काळा अंगरखा, उंच टोपी, कमरेची घुंगरं — सगळं.
त्यानं मृदंग खाली ठेवला. मग म्हणाला, "गुरुजी, सोंग द्येवाचा हाय. शिमग्याबगार भायेर नाय काडीत."
यावर मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते. म्हटलं, तपासणी फसली तर बोर्ड शाळा बंद करील, मग बसव पोरीला घरी. साफ खोटं. असं कुणीच म्हटलेलं नाही. मला फक्त दिपोटींची शाबासकी हवी होती.
त्याची मालन दुसरीत आहे. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हो म्हणाला.

१३ फेब्रुवारी
तपासणी झाली. दिपोटी खूश. "कल्पक आहात," म्हणाले. पाठीवर हात ठेवला. गंगारामनं टोपी उतरवली तेव्हा त्याचा चेहरा दिसला, आणि मी दिपोटींचा चहा बघायला आत गेलो.

१७ फेब्रुवारी
देवळात गावकी बसली. सोंग अवेळी बाहेर काढलं म्हणून गंगारामनं यंदा खेळ्यांत उभं राहायचं नाही. मला बोलावणं नव्हतं. मी आपणहून गेलो नाही. दार लावून कित्ते तपासत बसलो. एकही धड तपासला नाही.

१८ फेब्रुवारी
गंगाराम वाटेत भेटला. वाटलं, आता शिव्या देतो. तर विचारतो, "गुरुजी, शाळा ऱ्हायली ना?"
राहिली, म्हटलं. स्वतःची शिसारी आली.

२ मार्च
शनिवार, पण मृदंग नाही. केरू-शिवा पुन्हा होडीवर. गावकीचे प्रमुख भिकाजी शाळेवरून जाताना उगाच थांबले. "गुरुजी, काय बोलायचा हाय काय?" मी म्हटलं, छे, काही नाही. थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

१० मार्च
उद्या त्यांच्याकडे जाऊन सांगणार. नक्की.

११ मार्च
गेलो नाही.

२० मार्च
काल होळी लागली. आज खेळे शाळेच्या अंगणात आले. मृदंग, गवळणी, सगळा थाट. फक्त संकासूर नाही! दुसऱ्या कुणाला उभं केलं नव्हतं. त्याच्यापुरती जागा सोडून बाकीचे तिच्याभोवती नाचले. गंगाराम मालनचा हात धरून अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभा होता. त्याचे पाय जागच्या जागी ठेका धरत होते. माझ्याच्यानं बघवेना. आत येऊन बसलो आणि रडलो.

२५ मार्च
शेवटी भिकाजींकडे गेलो. सगळं सांगितलं — मी गळ घातली तेही, शाळा बंद होण्याची थापही. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी सांगितलंव म्हनून त्यान सोंग काडलान, ता आमाला तवाच कळलेला. गंगारामानच सांगितलान. गुरुजींनी शाळंसाटी केलानी, म्हनाला. तुमी येऊन येक शबुद बोलला असतांव तर त्याला उभा करनार व्हतो. म्हनून तर जागा मोकळी ठेवलेली. होळी पेटंस्तवर वाट बघितली, गुरुजी."