एकाच्या दोन गोळ्या

बाल्टिमोर, ११ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप बाबांना सलिलचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे नक्की काय करतो हे पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगता येत नाही, ही तुमची तक्रार. तर ऐका. उंदराच्या कवटीला छोटी खिडकी पाडतो आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहतो. तुम्ही रक्तदाबासाठी घेता तेच औषध दिलं, की त्या डोळ्यांदेखत रुंदावतात आणि रक्त भराभर वाहू लागतं. बघत राहावंसं वाटतं. आशीर्वाद आहेतच, ते असेच राहोत.

आपला,
सलिल

धायरी, पुणे, २८ ऑक्टोबर १९९९

चि. सलिल यास अ. उ. आ.

तुझे पत्र कट्ट्यावर दोनदा वाचले. तात्यारावांना तिसऱ्यांदा ऐकवणार होतो, पण त्यांना घरी काम निघाले. आमचे डॉक्टर दिवसाला एकच गोळी देतात, जणू पदरची देतात. त्यांना पत्र दाखवले, तर न वाचताच छान म्हणाले. छत्तीस वर्षे शास्त्र शिकवले. असले छान मी ओळखतो. तुझी ताई नीरजा दोन हजार साल उजाडायच्या आत ऑफिसातले संगणक दुरुस्त करते आहे, त्यामुळे घरी दिसत नाही. तुझी पत्रे तेवढी येऊ देत.

दीनानाथ

धायरी, १२ जानेवारी २०००

चि. सलिल, अ. आ.

फोनवर तू रजा आणि व्हिसाची अडचण सांगत राहिलास, म्हणून माझं सांगायचं राहिलं. बाबांच्या कपाटात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांबरोबर तुझं पत्र सापडलं. समासात त्यांनी लाल शाईने लिहिलंय : एकाच्या दोन, सोमवारपासून तीन. दाब इतका उतरला की ते न्हाणीघरात कोसळले. मेंदूला रक्त पुरलं नाही. उजवी बाजू आणि वाचा गेली. मुलानेच लिहिल्यावर डॉक्टरांना कशाला विचारतील? मी घरात राहून मला काही कळलं नाही, ते माझं मी भोगीन. पण औषध जास्त झालं तर काय होतं, हे तुला ठाऊक नव्हतं?

नीरजा

बाल्टिमोर, २६ जानेवारी २०००

ती. ताईस सा. न.

ऑक्टोबरात ठाऊक नव्हतं, नोव्हेंबरात कळलं. औषध वाढवलं तेव्हा दाब एवढा पडला, की वाहिन्या रुंदावूनही रक्त पुढे सरकेना. नऊपैकी सहा उंदीर मेले. बाबांना लिहायलाही बसलो होतो. पण ते एवढे खूश होते. म्हटलं, कशाला विरजण घालायचं? ते गोळ्या वाढवतील असं वाटलं नाही. डॉक्टरांवर चिडलेले बाबा माहीत असूनही वाटलं नाही. हे सगळं त्यांना वाचून दाखव. मला लाज वाटते. रागाव, पण लिहीत राहा.

सलिल

धायरी, ९ फेब्रुवारी २०००

चि. सलिल, अ. आ.

पत्र वाचून दाखवलं. तुझं नाव ऐकल्यावर बाबा हसले, अर्ध्या तोंडाने. भेटायला कोणी आलं की डाव्या हाताने खूण करून मला ते पुन्हा वाचायला लावतात. काल तात्याराव शेवटपर्यंत बसून होते.

उंदीर मेल्याचं मी वाचत नाही. त्याऐवजी तुझ्या ऑक्टोबरातल्या पत्रातलं म्हणते : वाहिन्या रुंदावतात, रक्त भराभर वाहतं. तिथेच थांबते. तू ज्यासाठी लपवलंस, त्याचसाठी मीही लपवते. तुझ्यावर धड रागवायचीही सोय राहिली नाही. ‘लोभ असावा’ हे या वेळी लिहीत नाही.

नीरजा