एकेचाळीस कुरव

मु. सणसर, ता. इंदापूर
२३ जानेवारी

तीर्थस्वरूप नीळकंठदाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे आनंदचा, नमस्कार. तुमचे गुडघे लक्षात घेऊन नमस्कार लांबूनच करतो आहे, म्हणजे आशीर्वादासाठी तुम्हाला खुर्चीतून उठायला नको. गुडघ्यांना तेल कुणाचं चालू आहे ते कळवावं. अक्काने सुकट कमी केली का, की डॉक्टरांसमोर कमी आणि घरी पूर्ववत? इकडे मी आणि यशोदा दोघंही ठीक. थंडी चांगली आहे, ऊसतोड जोरात आहे, आणि रस्त्याला ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर असल्यामुळे सणसरहून कुठंही वेळेवर पोहोचता येत नाही, ही एक सोय आहे. उशिराचं कारण शोधावं लागत नाही. फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. तर फोन अक्का उचलते, आणि तिच्या कानावर गेलं की ते सगळ्या हर्णैला कळतं. मोबाईलवर लिहून पाठवावं तर त्याची अक्षरं अलीकडे फार बारीक यायला लागली आहेत. (कंपन्या कशातही काटकसर करतात.)

मागच्या हिवाळ्यात तुम्ही मला पहाटे उठवून बंदरावर नेलंत, ते आठवत असेल. होड्या लागत होत्या, मासळीच्या टोपल्या उतरत होत्या आणि वर पांढऱ्या पाखरांचा नुसता गोंधळ होता. तुम्ही म्हणालात, हे कुरव, थंडीपुरते पाहुणे, आणि यांचे भाऊबंद तुमच्या उजनीच्या पाण्यावरही उतरतात. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवला नव्हता. समुद्राचं पाखरू उसाच्या मुलखात कशाला येईल? मला वाटलं, दाजी निवृत्तीनंतर एकटे पडले आहेत, बोलू द्यावं. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. एकदा भिगवणला गेलो होतो, तिथून तसाच कुंभारगावला पाण्याकाठी गेलो आणि तिथे होडी चालवणाऱ्या बिरदेवला विचारलं. हा बिरदेव चाळिशीचा गडी. सकाळी मासे धरतो आणि दिवसभर पुण्याच्या लोकांना रोहित पक्षी दाखवत फिरवतो. तो म्हणाला, "येत्यात की, दर साली येत्यात. तुमी हितलंच असून तुमास्नी ठाव न्हाय व्हय?"

ते मला लागलं, दाजी. पन्नास वर्षं मी या तालुक्यात काढली. त्यातली तेहतीस वालचंदनगरला ड्रॉइंग ऑफिसात, टेबलावर वाकून. अर्ध्या मिलिमीटरने रेघ चुकली तर लांबूनच माझ्या ध्यानात यायचं. आणि घरापासून तासाभरावर दर हिवाळ्यात कोण येऊन राहतं, हे मला माहीत नसावं? तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा जायला लागलो. गळ्यात दुर्बीण, खिशात चौकटीच्या कागदाची वही. तिथेच स्वरूपा भेटली. बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, माझ्या मुलीच्या वयाची आहे, आणि दर जानेवारीला पाणपक्ष्यांची गणना करते. तिने सांगितलं की हे कुरव हिमालयापलीकडच्या तळ्यांवर जन्मतात आणि थंडीला खाली येतात. काही थेट किनारा गाठतात, काही आमच्या धरणावरच थांबतात. मी विचारलं, कुणी कुठं जायचं हे कोण ठरवतं? एकाच घरट्यातली दोन पिल्लं, एक हर्णैला आणि एक कुंभारगावला, असं होत असेल का? आणि ज्याला समुद्र लाभला तो परत गेल्यावर दुसऱ्याला सांगत असेल का? ती हसली आणि म्हणाली, काका, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. या वयात कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी आपल्यालाही माहीत नाही, ही फार मानाची गोष्ट आहे.

आता माझी प्रगती सांगतो. पहिल्या महिन्यात शेकाट्या ओळखायला शिकलो. लांब लाल पायांचा असतो, चिखलात उभा राहिला की साहेबांसमोर उभा राहिल्यासारखा दिसतो. हळदीकुंकू नावाचं बदक शिकलो. (नाव खरंच हे आहे. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडं असतं. यशोदाला सांगितलं तर ती म्हणाली, नाव ठेवणारी बाईच असणार.) डिसेंबरात एका राखी बगळ्याचा मी पाऊण तास अभ्यास केला. इतका स्थिर पक्षी मी पाहिला नव्हता. वहीत दोन पानं त्याच्या संयमावर लिहिली. बिरदेव शेजारी बिडी ओढत बसला होता. शेवटी म्हणाला, आनंदराव, त्यो बांबू हाय, फडकं आमीच बांदलंय, जाळ्याची खूण म्हनून. मी म्हटलं, उजेड तिरपा होता. दुसऱ्या वेळी धुकं होतं. तिसऱ्या वेळी दुर्बिणीच्या काचेला वाफ आली होती. कारणं मला कमी पडली नाहीत, हे कबूल करतो.

गणनेचा रविवार उजाडला. स्वरूपाने सगळ्यांना पाण्याचे तुकडे वाटून दिले होते. बिरदेवच्या धक्क्यापासून पलीकडच्या बाभळींपर्यंतची उथळ खाडी माझ्याकडे आली. तिथे बदकं असतात, कुरव चार-पाचच्या वर कधी नसतात. त्या दिवशी यशोदाही बरोबर आली. दिवाळीत तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तेव्हापासून तिला घरात बसवत नाही. (तुम्हाला कळवलं होतंच. ऑपरेशननंतर घरी येताच तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वयंपाकघराचं छत झाडलं. इतकी वर्षं तिथली कोळिष्टकं मला दिसली नव्हती, हेही तिने बोलून दाखवलं.)

होडी खाडीत शिरली आणि मला समोर कुरव दिसले. एका रांगेत, पाण्यावर निवांत तरंगत होते, पांढरेशुभ्र. मी सावकाश मोजले, पुन्हा मोजले. एकेचाळीस. वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात यशोदा माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "अहो, ते थर्माकोलचे तुकडे आहेत. जाळ्याला बांधलेले." मी तिला समजावलं की कुरव विश्रांतीला असेच बसतात. मी बिरदेवला विचारलं, तुला काय दिसतंय? त्याने वल्हं पाण्यातून काढून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही उत्तर तिथे लिहिलेलं आहे. "तुमी म्हनाल ते, आनंदराव," असं म्हणून त्याने होडी वळवली. तो भला माणूस आहे. ती जाळी त्याचीच होती, दाजी.

किनाऱ्यावर चहा घेताना सगळ्यांनी आकडे सांगितले. माझा ऐकून स्वरूपा उभीच राहिली. त्या खाडीत इतके कुरव कधीच नोंदले गेले नव्हते. पाणी उतरतंय म्हणून असेल का, मासळी तिकडे सरकली असेल का, असे ती प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागली, आणि मी प्रत्येकाला विचारपूर्वक उत्तर दिलं. संध्याकाळी ते गणनेच्या ग्रुपवर गेलं. मंगळवारी एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, माझ्या फोटोसकट. लासुर्ण्याहून जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. यशोदाने तो पेपर घडी घालून कपाटात ठेवला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिचं ते न बोलणं मला दोन दिवस जेवताना समोर दिसत होतं.

खरं सांगू का, मला तेव्हाच शंका होती. कुरव थोडे तरी हलतात. तुमच्या बंदरावरचा एकही मिनिटभर गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. पण शंका बोलून दाखवली की दुसरी गोष्ट बोलावी लागली असती, आणि ती मला बोलायची नव्हती.

बुधवारी स्वरूपाचा निरोप आला की ती मोठी दुर्बीण, तीन पायांची, घेऊन येते आहे, खाडी पुन्हा बघू. आकडा खरा असेल तर तो पुढे पाठवायचा, परदेशातलेही लोक बघतात म्हणे. आम्ही चौघं होडीतून बाभळींजवळच्या उंचवट्यावर उतरलो. धुकं नव्हतं, ऊन स्वच्छ होतं, वाराही नव्हता. माझी सगळी कारणं घरीच राहिली होती. स्वरूपाने दुर्बीण लावली, आधी स्वतः पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग बाजूला झाली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, काका, तुम्ही बघा. मी डोळा लावला. दाजी, मला दुधात पाणी ओतल्यासारखं दिसलं. त्यात पांढरे ठिपके. मी चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. तोंडावर आलं होतं की यंत्र बिघडलंय. पण त्या पोरीने आधी पाहिलं होतं, तिला माहीत होतं, आणि तरी ती मला वाट काढून देत होती. बिरदेव दुसरीकडे बघत होता. यशोदा मात्र माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "मला दिसत नाही. बरेच दिवस दिसत नाही."

पाण्यावरून एक टिटवी ओरडत गेली. (आवाजावरून ओळखली. कान चांगले आहेत.) मग यशोदा पुढे झाली, तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाली, थर्माकोलवर एक खरा बसलाय की. मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, वही काढा, मी सांगते. ती सांगत गेली आणि मी काढत गेलो. चोच तांबडी, टोक शाईत बुडवल्यासारखं. पाय तांबडे. पाठ राखेच्या रंगाची, राखुंडी नव्हे, चुलीतल्या राखेची. डोळ्यामागे काजळाचं बोट लावल्यासारखा काळा डाग, दृष्ट काढायला लावतात तसा. बुबुळाभोवती पांढरं, त्यामुळे कायम रागावल्यासारखा दिसतो. तुमच्यासारखा, अशी पुस्ती तिने जोडली. तेहतीस वर्षं मी साहेबांच्या सांगण्यावरून यंत्रं काढली, पण इतकं नेमकं सांगणारं माणूस मला मिळालं नव्हतं. कागद डोळ्यांपासून चार बोटांवर धरून काढत होतो, पण हात सरळ होता. स्वरूपाने चित्र पाहिलं आणि लगेच ओळखलं, तपकिरी डोक्याचा कुरव. थंडीत डोकं पांढरं होतं, तेवढा डागच मागे राहतो. तिने माझ्या वहीतले एकेचाळीस खोडले नाहीत. पेन माझ्या हातात दिलं. मी खोडले आणि एक लिहिला. ग्रुपवरही मीच कळवलं, यशोदाकडून टाइप करून घेऊन. पेपरवाल्याने मात्र अजून छापलेलं नाही, त्याला त्यात बातमी दिसत नाही म्हणे.

अक्काला नमस्कार, आणि तुमच्या बंदरावर या वर्षी कुरव किती ते कळवावं. (मोजून.)

तुमचा,
आनंद

ता. क. बारामतीच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तारीख दिली आहे, सहा फेब्रुवारी, गुरुवार. दहा मिनिटांचं काम आहे, टाका नाही, दुखत नाही, असं सगळे सांगतात. पण डोळा उघडा ठेवून समोरून काहीतरी येताना बघत राहायचं, हे मला जमेलसं वाटत नाही. रात्री झोप लागत नाही. तुमचे दोन्ही डोळे झालेले आहेत, म्हणून तुम्हाला लिहितो. तुम्ही आदल्या दिवशी इकडे या आणि आत जाईपर्यंत माझ्याजवळ बसा. हे पत्र त्यासाठीच होतं. कुणी विचारलं तर कुरव बघायला आलो म्हणावं.

ता. क. २. यशोदाला यातलं काही कळू देऊ नका. तिला मी सांगितलंय की मला मुळीच भीती वाटत नाही. पाकिटावरचा पत्ता फक्त तिच्याकडून लिहून घेतो आहे.

दाजी, यशोदाचा नमस्कार. पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडे आलं तेव्हा पत्र उघडंच होतं. ओळीवर ओळ चढली होती, शेवटचं अर्धं पान टेबलावरच्या पेपरावर लिहिलं गेलं होतं. तुम्हाला एक अक्षर लागलं नसतं. म्हणून सगळं पुन्हा माझ्या हाताने उतरवून काढलं आहे. काही गाळलं नाही, कंससुद्धा नाहीत. त्यांना हे सांगू नका. ते रात्री झोपत नाहीत तेव्हा मीही जागीच असते, पण त्यांना वाटतं मी झोपले आहे, तर वाटू दे. तुम्ही बुधवारी दुपारपर्यंत या, अक्कांनाही आणा. आणि थर्माकोल छत्तीस होते.